जुन्या पोकलेनवर सेन्सरचा कोड आला तर: नवीन सेन्सर घ्यायच्या आधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

सेकंडहँड पोकलेन घेतली, दोन महिने बरी चालली, मग एक दिवस मॉनिटरवर कोड आला, आरपीएम आपोआप खाली आला आणि कोणीतरी फोनवरच सांगून टाकलं, "भाऊ, प्रेशर सेन्सर गेला, नवीन टाका." टाकला. दोन दिवसांनी तोच कोड. मग दुसऱ्या दुकानातून दुसरा सेन्सर, मग कंट्रोलर (मशीनचा कॉम्प्युटर) गेला म्हणून तो रिपेरला पाठवला, मशीन आठवडाभर उभी, टिप्परची लाइन उभी आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. नागपूरच्या आसपास खदानींवर आणि रोडच्या कामांवर मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहूनच ठेवतो.

कोड फक्त एवढंच सांगतो की या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन-तीन वायरी, मधले कपलर (वायरींचे प्लग), कंट्रोलरची पिन आणि अर्थिंग, हे सगळं आलं. त्यात सेन्सर बदलणं सगळ्यात सोपं दिसतं म्हणून लोक तिथूनच सुरू करतात. खालचा क्रम उलटा आहे, आधी फुकटातलं तपासायचं, पैसे लागणारं शेवटी. क्रम मोडू नका.

## तयारी

सामान फार लागत नाही. एक चांगला डिजिटल मीटर, सीताबर्डीत मिळतो तसला, पण त्याच्या लीड मजबूत असू द्या. बारीक टाचण्या किंवा सुया, कपलर न काढता मागून पिनेला टेकवायला. फ्यूज लावलेली एक जंपर वायर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, टॉर्च, लेझरवाला टेंपरेचर मीटर, वही-पेन. आणि त्या मशीनचा वायरिंग डायग्राम, तोही सिरीयल नंबर जुळवून, कारण एकाच मॉडेलच्या दोन सीरिजमध्ये पिनांची जागा आणि वायरींचे रंग वेगळे निघतात. दुसऱ्या सीरिजचा डायग्राम घेऊन बसलात तर चांगली वायरसुद्धा खराब वाटेल.

वेळ सकाळची ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ डिग्री होते, दुपारी लोखंडाला हात लागत नाही आणि माणूस घाईत चुकतो. पण सकाळचं खरं कारण वेगळं आहे, रात्रभर थंड झालेल्या मशीनवर एक फुकटची टेस्ट होते, ती पुढं सांगतो.

मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीवर टेकवलेली, सेफ्टी लिव्हर लॉक.

सावधान: मेन पंपाच्या लाइनमध्ये काम चालू असताना साधारण ३५० बारपर्यंत प्रेशर जातं. इंजिन बंद केल्यावरही काही प्रेशर अडकून राहतं. प्रेशर सेन्सर खोलायच्या आधी मॅन्युअलप्रमाणे प्रेशर सोडा, हायड्रॉलिक टाकीचंसुद्धा, ब्रीदरवरून. बारीक धारेचं ऑइल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते पण हात जाऊ शकतो. असं झालं तर घरगुती उपाय नाही, सरळ हॉस्पिटल.

सावधान: कॉमन रेल इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या वायरींना हात किंवा सुई लावू नका, तिथं मशीनच्या २४ व्होल्टपेक्षा बराच जास्त व्होल्टेज असतो.

सावधान: टेस्टलॅम्प (वायरला लावून करंट बघायचा बल्ब) सेन्सरच्या आणि कंट्रोलरच्या वायरींवर वापरायचा नाही. तो जेवढा करंट ओढतो तेवढा ५ व्होल्टच्या सप्लायला झेपत नाही आणि चांगला कंट्रोलर आपणच घालवून बसतो.

## पायरी १: आधी ऑपरेटरला विचारा

मीटर काढायच्या आधी दहा मिनिटं ऑपरेटरजवळ बसा, मालकाजवळ नाही. कोड कधी येतो, थंड असताना की गरम झाल्यावर? स्विंग मारताना, चेनवर चालवताना, ब्रेकर लावल्यावर? पावसानंतर, की धुतल्यानंतर?

उमरेड रोडकडच्या एका खदानीवर २० टनी मशीन होती, पंप प्रेशर सेन्सर दोनदा बदलून झालेला. ऑपरेटर म्हणाला, "दादा, डावीकडं झटका देऊन स्विंग मारला की येते, हळू फिरवलं तर दिवसभर येत नाही." हे त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं. केबिनच्या फ्लोअरखाली हार्नेस (वायरींचा जुडगा) एका ब्रॅकेटवर घासून घासून उघडा पडला होता, झटक्यात वायर बॉडीला टेकायची. दोन्ही जुने सेन्सर चांगले होते.

आणखी दोन गोष्टी नक्की विचारा. मागच्या काही दिवसांत बूमला किंवा बकेटला वेल्डिंग झालं का, आणि बॅटरीचं कनेक्शन काढून केलं का? आणि मशीनवर नंतर काय काय जोडलंय? गाण्यांचा टेप, पंखा, एलईडी लाइट, जीपीएस, कॅमेरा. ज्या ज्या ठिकाणी वायर सोलून टॅपिंग घेतलंय ती प्रत्येक जागा तुमच्या संशयितांच्या यादीत टाका.

## पायरी २: कोड लिहून घ्या, पुसू नका

लोक सगळ्यात आधी कोड क्लिअर करतात आणि हातातला पुरावा घालवतात. सगळे कोड लिहा, फोटो काढा. सध्या चालू असलेले कोणते, जुने साठवलेले कोणते, किती वेळा आले, अवर मीटर किती असताना आले. विकायच्या आधी मेमरी पुसलेली असू शकते, त्यामुळं घेताना कोड नव्हता याला काही अर्थ नाही.

ज्या मशीनवर इंजिनचा कोड एसपीएन आणि एफएमआय अशा दोन आकड्यांत येतो तिथं दुसरा आकडा नीट वाचा, अर्धं काम तोच करतो. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंट टेंपरेचर, ही झाली जागा. एफएमआय सांगतो की झालं काय:

- ३: सिग्नलचा व्होल्टेज हद्दीपेक्षा वर. वायर तुटली, अर्थ तुटला किंवा सिग्नलला सप्लाय टेकला असं बघा.
- ४: व्होल्टेज हद्दीपेक्षा खाली. वायर बॉडीला टेकली किंवा सेन्सरला ५ व्होल्ट मिळत नाही.
- ५: करंट कमी, सहसा सर्किट उघडं.
- २: रीडिंग उड्या मारतंय, लूज कपलर आधी बघा.
- ० आणि १: इथं थांबा. कंट्रोलरच्या मते सर्किट ठीक आहे, रीडिंग खरं आहे, प्रेशर किंवा टेंपरेचर खरोखर हद्दीबाहेर गेलंय.

त्या शेवटच्या ओळीवर मला जोर द्यायचाय. ऑइल प्रेशर कमीचा किंवा ओव्हरहीटचा इशारा आला तर सेन्सर खोटा आहे असं धरून मशीन चालवू नका. ऑइल लेव्हल बघा, सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजा, लेझर मीटरनं थर्मोस्टॅट हाउसिंगचं टेंपरेचर घ्या आणि मॉनिटरशी जुळवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात धुळीनं चोक झालेला रेडिएटर खरंच गरम होतो. सेन्सरची वायर तोडून किंवा बॉडीला जोडून इशारा बंद केलेल्या मशीनी मी पाहिल्यात, आणि नंतर क्रँक गेलेलं इंजिनही पाहिलंय. असा बायपास जुन्या मशीनवर दिसला तर आधी तो काढा, मग पुढची गोष्ट.

तपासा: दोन-तीन वेगवेगळे सेन्सर एकदम कोड देऊन राहिले का? एकाच दिवशी तीन सेन्सर मरत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते डायग्रामवर शोधा: एकच ५ व्होल्ट लाइन, एकच अर्थ, एकच फ्यूज किंवा एकच मोठा कपलर.

## पायरी ३: बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग

ही पायरी सगळे सोडून देतात, म्हणून इथं जरा जास्त लिहितो.

मशीन रात्रभर उभी असेल तर दोन्ही बॅटऱ्यांचा मिळून २५.२ व्होल्टच्या वर दिसला पाहिजे. मग एकेक बॅटरी वेगळी मोजा. एक १२.६ आणि दुसरी १२.१ असेल तर कोणीतरी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा टेप किंवा पंखा घेतलाय का ते बघा, हे फार कॉमन आहे. एक बॅटरी कायम उपाशी, दुसरी ओव्हरचार्ज, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज इतका पडतो की कंट्रोलर गोंधळून भलतेच कोड टाकतो. टेपला कन्व्हर्टर लावा.

सेल्फ मारताना १८ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना २७.५ ते २८.५ च्या आसपास. २९ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघा.

आता अर्थ. याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, लोड चालू असताना व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. मीटर डीसी व्होल्टवर, एक लीड बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (टर्मिनलवर नाही, पोलवर), दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. मग चावी ऑन करून तसंच कंट्रोलरच्या अर्थ पिनेवर मोजा, तिथं ०.१ व्होल्टच्या वर चालत नाही.

जुन्या मशीनला विकायच्या आधी रंग मारतात आणि तो रंग अर्थच्या लगखाली (वायरच्या टोकाच्या चकतीखाली) जातो. बाहेरून नटबोल्ट झकास, आत कॉन्टॅक्ट अर्धा. चेसिसचा, इंजिनचा आणि केबिनचा अर्थ खोला, लग आणि खालचं लोखंड चकचकीत घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. माझ्या हातून कित्येक "सेन्सर फॉल्ट" फक्त एवढ्यानं गेलेत.

## पायरी ४: डोळ्यांनी बघा, हातांनी हलवा

चावी बंद. हार्नेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपत जा. आधी या जागा: केबिनच्या फ्लोअरखाली, बूमच्या बुडाशी, पंपाच्या बाजूला, टर्बोजवळ, अल्टरनेटरच्या मागं, आणि जिथं जिथं क्लिप तुटून हार्नेस लोंबतोय. पावसाळ्यात मशीन शेताच्या कडेला उभी राहिली असेल तर उंदरांनी कुरतडलेलं बघा, त्यांच्या लेंड्या दिसल्या तर तिथला गुंडाळलेला टेप सोडून आत बघाच.

मग कपलर. एकेक काढा आणि बघा: हिरवट-पांढरा थर, पाणी, ऑइल, रबरी सील गायब, पिन मागं सरकलेली, फिमेल पिन पसरलेली. कोराडी-खापरखेड्याकडची, वीज केंद्रांची राखड आणि कोळशाची धूळ कपलरमध्ये बसते, ओली झाली की पिनांमध्ये करंट लीक होतो आणि सुकली की कोड गायब, मग माणूस वेडा होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या. पिनेला सॅंडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. कपलरमध्ये सेन्सरच्या आतून ऑइल आलं असेल तर सेन्सरची आतली सील गेली, हा सेन्सर खरंच बदलायचा.

आता चावी ऑन करून मॉनिटरच्या सर्व्हिस मेनूमध्ये त्या सेन्सरचं लाइव्ह रीडिंग लावा. एक जण स्क्रीनवर नजर ठेवेल, दुसरा हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जाईल. रीडिंगनं उडी मारली की तिथंच थांबा.

सावधान: कपलरवर प्रेशर वॉशर मारू नका. "धुतल्यापासून कोड येऊन राहिला" हे वाक्य मी दर पावसाळ्यानंतर ऐकतो, म्हणजे गाळ काढायला मशीन धुतली की.

## पायरी ५: आता सेन्सर, पण कोणत्या जातीचा?

तीन वायरचा प्रेशर सेन्सर. एक ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. कपलर काढा, चावी ऑन, हार्नेसच्या बाजूला ५ व्होल्ट आणि अर्थमध्ये मोजा. ४.७५ ते ५.२५ मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर सेन्सरला दोष देऊ नका. डायग्रामवर बघा की त्याच ५ व्होल्ट लाइनवर आणखी कोणते सेन्सर आहेत आणि त्यांचे कपलर एकेक करून काढत जा. एखादा काढल्यावर ५ व्होल्ट परत आला तर तोच लाइन खाली ओढून राहिला होता, भले कोड दुसऱ्याच्या नावावर असो. सगळे काढूनही आला नाही तर वायर शॉर्ट आहे, किंवा शेवटी कंट्रोलर.

५ व्होल्ट बरोबर असेल तर कपलर परत लावा, मागून सुई घालून सिग्नल मोजा. बहुतेक सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये चालतात, प्रेशर शून्य असताना ०.५ च्या जवळ, लोड वाढेल तसा वर. साफ ० किंवा साफ ५ म्हणजे गडबड.

दोन पंपांना सारखेच दोन सेन्सर असतील आणि पार्ट नंबर एकच असेल तर त्यांची अदलाबदल करा. कोड सेन्सरबरोबर दुसऱ्या पंपावर गेला तर सेन्सर खराब. जागेवरच राहिला तर वायर किंवा खरोखरचं प्रेशर. एवढी भरवशाची आणि बिनपैशाची टेस्ट दुसरी नाही, फक्त प्रेशर सोडल्याशिवाय खोलायचं नाही.

दोन वायरचा टेंपरेचर सेन्सर. गरम झाला की याचा रेझिस्टन्स कमी होतो. सकाळची टेस्ट इथं कामाची: रात्रभर थंड मशीन, चावी ऑन, इंजिन चालू न करता कूलंट, हायड्रॉलिक ऑइल आणि हवेचं टेंपरेचर वाचा. तिन्ही जवळजवळ सारखी, हवेच्या तापमानाएवढी हवीत. दोन २८ सांगून राहिले आणि एक ६०, तर तो एक तुमचा गडी.

मग कपलर काढा. रीडिंग एकदम थंडाच्या टोकाला गेलं पाहिजे. हार्नेसच्या दोन पिना जंपरनं जोडा, गरमच्या टोकाला गेलं पाहिजे. दोन्ही झालं तर वायर आणि कंट्रोलर ठीक, सेन्सर खराब. ही जंपरची युक्ती तीन वायरच्या सेन्सरवर करायची नाही.

काढलेला सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात लटकवून गरम करा आणि मीटर लावा. साध्या तापमानाला बऱ्याच सेन्सरमध्ये २-३ किलोओहमच्या आसपास, ८० डिग्रीला काहीशे ओहम, नेमका आकडा त्या सेन्सरच्या तक्त्यातून घ्या. मुख्य म्हणजे आकडा सरळ उतरत गेला पाहिजे, मध्येच उडी नको.

स्पीड पिकअप, म्हणजे इंजिनचा वेग मोजणारा सेन्सर. आतमध्ये कॉइल असलेला दोन वायरचा. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तेव्हा याच्याकडं बघा. कॉइल ओपन नाही ना, आणि सेल्फ मारताना एसी व्होल्ट निघतात का ते मोजा. काढून टोक बघा, लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो, पुसला की झालं. परत बसवताना गॅप मॅन्युअलप्रमाणेच ठेवा.

अ‍ॅक्सिलरेटर डायल. सिग्नलला मीटर लावून अगदी हळू फिरवा. व्होल्टेज सलग चढला पाहिजे. एखाद्या जागी शून्यावर पडून परत आला तर आतला ट्रॅक घासलाय.

## पायरी ६: वायरची कंटिन्युटी

बॅटरीचं कनेक्शन काढा, कंट्रोलरचा कपलर काढा, सेन्सरचा काढा, मग दोन टोकांमध्ये मोजा. एका ओहमच्या आसपास किंवा कमी हवं. प्रत्येक वायर बॉडीशी आणि शेजारच्या वायरींशीही मोजा, तिथं काहीच दिसायला नको.

चूक इथं होते: आत एकच तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. म्हणून दोन्ही टोकं मोकळी आहेत याची खात्री करून त्या वायरमधून २४ व्होल्टचा ५ वॉटचा बल्ब पेटवून बघा आणि वायर हलवा. मिणमिणला किंवा लुकलुकला तर वायर आत तुटलीय.

मशीनला कॅन लाइन (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) असेल आणि "कम्युनिकेशन" चा कोड असेल तर बॅटरी काढून दोन कॅन वायरींमध्ये मोजा. ६० ओहम बरोबर. १२० म्हणजे एका बाजूचं टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) किंवा लाइन तुटलेली, शून्याजवळ म्हणजे दोन्ही एकमेकींना टेकल्यात.

## पायरी ७: दुरुस्ती

पिळून टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नाही, तो पुढचा फॉल्ट आहे. त्याच जाडीची वायर, नीट क्रिंप केलेला जोड, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. जोड एकाच जागी आणू नका, पुढंमागं ठेवा. कॅनच्या आणि पिकअपच्या वायरींना मूळचा पीळ तसाच द्या. शेवटी हार्नेस क्लिपनं बांधा, नाहीतर जिथं घासत होता तिथंच परत घासेल.

सेन्सर घ्यायचाच असेल तर जुना हातात घेऊन "असाच द्या" म्हणू नका, पार्ट नंबर मशीनच्या सिरीयलवरून काढा. थ्रेड सारखा, कपलर सारखा, पण प्रेशरची रेंज वेगळी, असे सेन्सर बाजारात आहेत. कोड जातो आणि मशीन मात्र मरगळून चालते. एकाच टर्मिनलचा ऑइल प्रेशर स्विच असेल तर थ्रेडला टेफ्लॉन टेप लावू नका, तो बॉडीवरूनच अर्थ घेतो.

## पायरी ८: खात्री

आता कोड क्लिअर करा. मशीन गरम होऊ द्या आणि ज्या हालचालीला ऑपरेटरनं बोट दाखवलं होतं तीच, त्याच ऑपरेटरकडून, वीस-पंचवीस वेळा करून घ्या. अर्धा तास रिकामी चालवून "झालं" म्हणायचं नाही, निदान दोन-तीन तास भरल्या बकेटचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत परत चावी ऑन करून मेमरी बघा. काही मशीनींवर थ्रॉटल मोटर, पंप किंवा कंट्रोलर बदलल्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं, ते राहिलं तर नवा पार्टसुद्धा कोड देतो.

मग एक वही केबिनमध्ये ठेवा. तारीख, अवर मीटर, कोड, मोजलेले व्होल्टेज, कुठली वायर कुठं जोडली, कोणत्या रंगाची वायर कोणत्या रंगाला लावली. पुढच्या मेकॅनिकला तुमचा निळ्याला जोडलेला पिवळा शोधण्यात अर्धा दिवस जाऊ नये.